साडेबावीस झाडं

आमच्या इमारतीत साडेबावीस झाडं कमी आहेत ही बातमी मला जिन्यात कळली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर मी दम खात उभी होते. एका हातात भाजी, दुसऱ्या हातात दूध, तोंडात घराची किल्ली. वरून सर उतरत होते. सर म्हणजे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. शाळेतून निवृत्त झाले, हेडमास्तरकीतून नाही. त्यांनी मला थांबायची खूण केली. मी आधीच थांबलेली होते, पण त्यांनी खूण केल्यामुळे ते शिस्तीत बसलं. मग खिशातून कागद काढून त्यांनी वाचून दाखवला. भूखंड अठराशे चौरस मीटर. दर ऐंशी चौरस मीटरला एक झाड. भागाकार त्यांनी तोंडी केला आणि उत्तर येताच माझ्याकडे असं पाहिलं, जणू वरचं अर्धं झाड माझ्याच भाजीच्या पिशवीत लपलंय.

तोंडात किल्ली असल्यामुळे मला काही बोलता आलं नाही. ते गप्प राहणं पुढे माझी संमती म्हणून इतिवृत्तात लिहिलं गेलं.

इथे लिफ्टचं सांगायला हवं. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. तिच्यात आरसा आहे, पंखा आहे, आरशावरचं प्लास्टिकसुद्धा तेव्हा कुणी काढलेलं नव्हतं. फक्त ती हलत नव्हती. तात्पुरत्या मीटरच्या विजेवर लिफ्ट चालवायला परवानगी नाही. कायमचा मीटर हवा तर इमारत पूर्ण झाल्याचा दाखला हवा. दाखला हवा तर पर्यावरणाच्या अटी पुऱ्या हव्यात: पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा, ओल्या कचऱ्याचं खत करायचं पिंप, आणि झाडं. किल्ल्या देताना बिल्डर हसत म्हणाला होता, थोडं हिरवं काम राहिलंय, ते तुमचं तुम्ही बघून घ्या. आम्हीही हसलो होतो. नव्या घराची किल्ली हातात पडताना माणूस कशालाही हसतो.

बाकीच्यांना लिफ्ट म्हणजे सोय होती. मला लिफ्ट म्हणजे आई होती.

आई दादाकडे राहायची. दादा-वहिनींबद्दल मला एक शब्दही वाकडा बोलायचा नाही. पण त्यांच्या दोन खोल्यांत मुलं मोठी होत गेली, तशी आईची झोपायची जागा आधी आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणि मग तिथून दाराजवळ अशी सरकत आली. आणखी एकदा सरकली असती तर पायपुसण्यावरच आली असती. आम्ही हे घर घेतलं तेच मुळी एक खोली आईची म्हणून. मी तिथे पलंग टाकला, पडदा लावला, उशाशी तिच्या चष्म्यापुरतं टेबल ठेवलं. सगळं तयार होतं. फक्त खाली रस्ता होता, वर खोली होती, आणि मध्ये बहात्तर पायऱ्या होत्या. आईचे गुडघे सात पायऱ्यांनंतर संप पुकारायचे.

दर रविवारी तिचा फोन यायचा. सगळ्यांची चौकशी व्हायची, हवापाणी व्हायचं, आणि फोन ठेवता ठेवता, आत्ताच आठवलं अशा आवाजात ती विचारायची, "लिफ्टचं काय झालं गं?" मी म्हणायची, होईल हं, या महिन्यात होईलच. असे आठ महिने झाले होते.

थोडक्यात, माझ्या आईचे गुडघे साडेबावीस झाडांना टांगलेले होते.

पार्किंगमध्ये सभा झाली. माझ्या बाल्कनीत सात कुंड्या आहेत हे कुणीतरी खालून मोजून ठेवलं होतं. तेवढ्या पुराव्यावर मला 'हरित सदस्य' नेमण्यात आलं. मी म्हटलं, त्यातल्या तीन रिकाम्या आहेत. सर म्हणाले, म्हणजे चार जगवल्यात, इथे बाकीच्यांना तेवढंही जमलेलं नाही. नवरा शेजारीच बसला होता. माझ्या बाजूने बोलेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो इतरांबरोबर टाळ्या वाजवत होता.

सगळ्यात आधी खड्डा झाला. नकाशात दाखवलेली त्याची जागा नेमकी सरांच्या स्कूटरची जागा निघाली, आणि नकाशा हा सरांच्या मते नकाशा असतो, त्यामुळे त्यांनी निमूटपणे ती दिली. पण सवय नकाशा बघत नाही. त्याच संध्याकाळी बाहेरून आल्यावर त्यांनी स्कूटर नेहमीच्या ठिकाणी लावली. खड्डा पाणी जिरवतो की नाही हे कळायला पावसाळा यावा लागणार होता. स्कूटर जिरवतो हे सहा तासांत कळलं. पुढचं चाक आत, मागचं वर, आणि सर कडेला उभे राहून आम्हा सर्वांना सांगताहेत की खोली नियमाप्रमाणे आहे.

खताच्या पिंपाबद्दल मी बोलणार नाही. ज्यांनी वास घेतला त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांनी सुखात राहावं.

मग आलं अर्धं झाड. मी म्हटलं, सरळ तेवीस लावू. सर म्हणाले, नियमात नसलेली गोष्ट स्वतःहून करणं ही बेशिस्तीची पहिली पायरी. त्यांनी कार्यालयाला पत्र लिहिलं. सुंदर पत्र होतं. अर्ध्या झाडाचा अर्थ निम्म्या उंचीचं झाड असा घ्यायचा, की निम्मं शेजारच्या भूखंडात असलेलं, की फांद्या एकाच बाजूला असलेलं, याचा खुलासा मागितला होता. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: 'अर्धे झाड लावणे शक्य नसल्यास पूर्ण लावावे.' सरांनी ते फाईलला लावलं आणि मला म्हणाले, बघा, विचारलेलं बरं असतं. त्या सहा आठवड्यांत आईचे सहा फोन येऊन गेले होते.

शिवाय झाडं स्थानिक जातींची हवीत अशी अट होती. सोबत यादी होती, पण नावं सगळी शास्त्रीय. दुसऱ्या मजल्यावर औषधांचं दुकान चालवणारे शेजारी आहेत. आम्ही त्यांना औषधवालेच म्हणतो. असली नावं वाचायची सवय इमारतीत त्यांनाच. मी यादी घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून एकेक नाव खणखणीत वाचलं आणि तिसऱ्या नावानंतर, सवयीने, जेवणानंतर घ्या म्हणाले.

कार्यालयातूनच रोपं फुकट मिळतात असं कळल्यावर मी टेम्पोत बसून गेले आणि तेवीस रोपं मांडीवर, पायाशी, जमेल तिथे धरून आणली. ती माझ्या गुडघ्यापर्यंत येत होती. अट होती सहा फुटांची. रोपं देणारे आणि उंची मोजणारे एकाच कार्यालयातले, एकाच मजल्यावरचे, समोरासमोरच्या टेबलांवरचे. पण देणाऱ्याने उंची बघायची नसते आणि मोजणाऱ्याने रोप कुठून आलं ते विचारायचं नसतं. नवरा म्हणाला, वाढतील की. मी म्हटलं, वाढतील, पण आईचं वयही त्याच वेगाने वाढतंय. त्यावर तो उठून रोपांना पाणी घालून आला, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते.

सरांनी प्रत्येक रोपाला सहा फुटी काठी बांधायचा तोडगा काढला. त्यांचं म्हणणं, नियमात 'उंची सहा फूट' एवढंच आहे, कशाची ते लिहिलेलं नाही. तपासणीला जे साहेब आले ते शांत, सडपातळ, खांद्याला झोळी आणि खिशात मोजायची टेप असे गृहस्थ होते. त्यांनी पहिल्या काठीपाशी टेप काढली, काठीकडे पाहिलं, मग खाली रोपाकडे पाहिलं, आणि टेप परत खिशात ठेवली. काठ्या चांगल्या रुजल्यात, एवढंच म्हणाले आणि गेले. हरित सदस्य म्हणून सही माझी होती. त्या दिवसापासून पहिल्या मजल्यावरची शिवणवाली मला जिन्यात भेटली की डोळे मिचकावून विचारायची, काय वहिनी, काठ्यांना पालवी फुटली का? मी हसायची. हसण्याला इलाज नसतो तेव्हा ते फार थकवतं.

आता सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कुणी म्हणालं प्लास्टिकची आणा, हल्ली ओळखू येत नाहीत. कुणी म्हणालं रस्त्यावरची झाडं आपल्या हद्दीत धरा, कुंपण तेवढं बाहेर सरकवा. शेवटी औषधवाल्यांनी एका दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि हळू आवाजात मला सांगितलं की तपासणीची झाडं मिळतात. गावाबाहेर एक रोपवाटिकेवाला आहे, तो देतो. नव्या इमारतींत सगळीकडे तीच जातात. कामाला जातात आणि काम झालं की घरी येतात.

मी गेले. मी खोटेपणाचं समर्थन करणारी बाई नाही. दुकानात चुकून जास्त आलेली सुटी नाणीसुद्धा मी परत देते आणि घरी येऊन चार जणांना सांगते. पण आदल्याच रविवारी आईने फोनवर लिफ्टचं विचारलं नव्हतं. पहिल्यांदाच. तिने सगळ्यांची चौकशी केली, हवापाणी झालं, आणि मग 'बरंय, ठेवते' म्हणाली. विचारायची तोवर मला बरं होतं.

रोपवाटिकेवाल्याने किती आणि कधी एवढंच विचारलं. तेवीस झाडं आली, सगळी सातेक फूट उंच, डौलदार, बुंध्याशी गोणपाटात बांधलेली. आमची काठीवाली रोपं मागच्या भिंतीशी सरकवून, भाड्याच्या खुर्च्या लावाव्यात तशी त्याच्या माणसांनी ती तासाभरात लावली. जाताना मला सूचना दिल्या: पोत्यासकट ठेवलीत, तशीच राहू द्या. पाणी बेताचं, मरणार नाहीत एवढंच. तरारली की मुळं सोडतात, मग निघत नाहीत. तपासणी झाली की त्याच दिवशी चारला मी उचलणार.

तपासणी दोन दिवसांनी होती. ती झाली नाही. साहेब रजेवर गेले. मग साहेब आले तर कार्यालयाची गाडी बंद पडली. मग गाडी सुरू झाली तर तपासणीचा फॉर्म बदलला आणि नवा छापून यायचा होता. रोपवाटिकेवाल्याची काही हरकत नव्हती, कारण साहेब सगळीकडे तेच. ते आमच्याकडे येत नव्हते म्हणजे कुणाकडेच जात नव्हते. अशा रीतीने पाहुणी म्हणून आलेली झाडं सात आठवडे राहिली.

आणि सात आठवडे एखाद्याला रोज बघायचं आणि मरणार नाही एवढंच पाणी द्यायचं, हे ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार. फाटकाजवळचं एक झाड शेंड्याशी जरा वाकलेलं होतं. दुपारी त्याची पानं मान टाकायची. पहिले चार दिवस मी दुसरीकडे बघून गेले. पाचव्या दिवशी सकाळी कुणी उठायच्या आत बादली घेऊन खाली उतरले. एकाला घातलं आणि बाकीच्यांना नाही, असं कसं करणार? तेव्हा तेवीस. रोज. सरांना कळलं असतं तर त्यांनी अटींचा भंग म्हणून कागद दिला असता, म्हणून चोरून. चोरी लपवण्यासाठी मी आणखी एक चोरी करत होते, आणि खरं सांगते, त्या दिवसांत एवढंच एक काम मला मनापासून करावंसं वाटत होतं.

अखेर मंगळवार ठरला. रविवारी मी आईला फोनवर सांगितलं, मंगळवारी तपासणी आहे, ती झाली की झालंच. आई म्हणाली, बरं.

मंगळवारी अकराला साहेब आले. नवा फॉर्म झोळीतून काढला. सर इस्त्रीच्या कपड्यांत होते. शिवणवाली मशीन बंद करून खाली आली होती, औषधवाले दुकान भावावर सोडून आले होते. साहेबांनी एका टोकापासून झाडं मोजायला सुरुवात केली. प्रत्येकाला टेप लावत होते, बुंध्याला हात लावत होते. अकरा, बारा, तेरा. मी मनात त्यांच्या पुढे एक अंक धावत होते.

तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली आणि तिच्यातून आधी एक काठी उतरली, मग एक बॅग, मग माझी आई.

बरोबर कुणी नव्हतं. दादाला सांगून निघाली होती म्हणे, पण सोडायला येऊ दिलं नव्हतं. मी धावत गेले. आई, तू कशी काय आत्ता, असं काहीतरी मी पुटपुटले. ती म्हणाली, मंगळवार म्हणालीस ना, मंगळवार आहे. शिवणवालीने खुर्ची आणली आणि सावली बघून फाटकाजवळच्या त्या वाकलेल्या झाडाखाली ठेवली. आई बसली. मी तिला हळूच म्हटलं की दहा मिनिटं बस, काही बोलू नकोस, महत्त्वाचं चाललंय. तिने मान डोलावली.

साहेब बाविसावं झाड मोजून तेविसाव्यापाशी आले, म्हणजे आईपाशीच. वाकलेल्या शेंड्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. हे झाड मी आधी कुठेतरी पाहिलंय, ते म्हणाले. सर घाईने म्हणाले, झाडं काय, सारखीच दिसतात. साहेब म्हणाले, माणसं सारखी दिसतात. पण नव्या फॉर्ममध्ये तीनच रकाने होते: संख्या, उंची, जिवंत आहे किंवा नाही. झाड कुणाचं, असा रकाना नव्हता. त्यांनी टेप गुंडाळली, पेनाचं टोपण काढलं आणि सहीसाठी कागद गुडघ्यावर घेतला.

आई खाली वाकून काठीच्या टोकाने बुंध्याजवळची माती बाजूला करत होती. गोणपाटाची कड वर आली होती.

"अगं, हे पोत्यासकटच पुरलंय," ती म्हणाली. "आणि तोंड बांधलेलंच आहे वर. याला कुणी सांगितलंच नाही वाटतं, की ते इथे राहायला आलंय म्हणून."

साहेबांचं पेन कागदापासून बोटभर वर थांबलं होतं. त्यांनी ना आईकडे पाहिलं ना सरांकडे. खाली सही माझी होती, म्हणून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, ही झाडं तुमची आहेत ना?"

एक 'हो' पुरेसं होतं. त्यांनाही तेच पुरेसं होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं. त्यांनाही आणखी सहा इमारती होत्या. हो म्हटलं की दाखला, मीटर, लिफ्ट, आणि वरच्या खोलीतला पलंग. इतके महिने मी ज्या एका गोष्टीसाठी खत ढवळलं होतं, ती एका अक्षरावर होती. मी आईकडे पाहिलं. ती पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडवत बसली होती. गाठ घट्ट होती. नखाने सुटेना म्हणून दातांत धरायचा विचार करत असावी.

"नाही," मी म्हटलं. "भाड्याची आहेत. चार वाजता परत जायची आहेत."

सरांनी डोळे मिटले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. चांगलं केलंत असं काही मी म्हणणार नाही, ते म्हणाले, कारण आता मला पुन्हा यावं लागणार. मग त्यांनी कागदावर चार महिन्यांची मुदत लिहिली, झाडं स्वतःची आणि जमिनीत असली तरच बोलवा म्हणाले, आणि जाता जाता आईला वाकून विचारलं, आजी, सुटली का गाठ? आई म्हणाली, सुटतेय.

साहेब गेले. चव्वेचाळीस डोळे असतील, सगळे जमिनीकडे. आई काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, चल, जिना कुठाय?

मी म्हटलं, आई, लिफ्ट नाहीये. ती म्हणाली, लिफ्ट कुठाय असं मी विचारलंच नाही.

मी तिला पुष्कळ समजावलं. दादाकडे परत सोडते म्हटलं, हॉटेलात चार दिवस राहू म्हटलं. ती तोवर पहिल्या पायरीवर चढली होती. एक पाय वर, मग दुसरा पाय त्याच्या शेजारी, मग श्वास. सात पायऱ्यांनंतर थांबली, कठड्याला टेकली, आणि आठवीवर चढली. पहिल्या मजल्यावर शिवणवाली आमच्या आधी पोचली होती आणि मशीनपुढचं स्टूल दाराबाहेर ठेवून उभी होती. आई त्यावर बसली, तिच्या हातातली अर्धी शिवलेली बाही उलटून पाहिली, टीप सैल आहे म्हणाली. शिवणवाली, जी माझ्या काठ्यांवर दोन महिने हसत होती, ती मान खाली घालून टीप उसवायला बसली.

दुसऱ्या मजल्यावर औषधवाल्यांनी गादीची खुर्ची ठेवली होती आणि रक्तदाब मोजायचं यंत्रही. माझ्याहून चांगला आहे, ते खट्टू होऊन म्हणाले. तिसऱ्या मजल्याची मला भीती होती, कारण तिथे सर राहतात. त्यांचं दार बंद होतं. आई वळणावर थांबून धापा टाकत होती, मी जिन्यातच बसायला रुमाल अंथरत होते, इतक्यात दार उघडलं आणि सर आपली आरामखुर्ची उचलून, पाठमोरे चालत चालत बाहेर आले. ती खुर्ची त्यांच्या घरी आलेल्या पाहुण्यांनासुद्धा मिळत नाही. खाली ठेवून ते म्हणाले, बसा. मग थोड्या वेळाने, नियमात तसं काही नाही, पण बसा.

चौथ्या मजल्यावर पोचायला एक तास दहा मिनिटं लागली. तिची खोली मी तिला दाखवली. पलंगावर बसून तिने पाय हातांनी उचलून वर घेतले, चष्मा काढून टेबलावर ठेवला. टेबल बरोबर हाताशी होतं. मी पाणी आणलं आणि म्हटलं, आई, मी फार प्रयत्न केले गं, लिफ्ट या महिन्यात...

"लिफ्ट कशाला गं," ती म्हणाली. "ये म्हटलं असतंस तर मी पहिल्याच दिवशी आले असते."

मी पुष्कळ वेळ पडदा नीट करत होते. तो नीटच होता.

चार वाजता रोपवाटिकेवाला गाडी घेऊन आला. त्याच्या माणसांनी पहिल्या झाडाला हात घातला आणि ओढलं. झाड हललं नाही. दोघांनी ओढलं. मग बाजूची माती उकरली तर खाली गोणपाट कुजून गेलं होतं आणि मुळं त्यातून बाहेर पडून जमिनीत चांगली हातभर शिरली होती. रोपवाटिकेवाला उकिडवा बसून बघत राहिला. मग त्याने मान वर करून विचारलं, पाणी किती घालत होतात? मी म्हटलं, एक बादली. रोज? रोज. प्रत्येकाला? मी गप्प बसले. या वेळी तोंडात किल्ली नव्हती.

एकोणीस निघाली नाहीत. चार कशीबशी निघाली, ती नेता नेता त्याने पुन्हा एकदा त्या एकोणिसांकडे, परस्पर लग्न करून तिकडेच राहिलेल्या मुलांकडे बाप बघतो तसं पाहिलं, आणि ठेवा म्हणाला. त्याचं काय ते आम्ही दिलं. उरलेल्या चार जागी नवी झाडं आणली आणि ती लावताना पोती काढून लावली. सरांनी स्वतः कात्रीने गोणपाट कापलं आणि प्रत्येकाची उंची वहीत लिहून ठेवली. वरून आई बाल्कनीतल्या खुर्चीत बसून बघत होती. अमक्याला आधार द्या, तमक्याला सावली होतेय, हे ती वरून सांगायची आणि हेडमास्तर खालून हो म्हणायचे, हे दृश्य आमच्या इमारतीत रोज सकाळी फुकट बघायला मिळायचं.

उतरायची नाही, असं तिने जाहीर केलं होतं. एकदा चढले ते पुरे. म्हणून मग खालचे वर येऊ लागले. शिवणवाली बाह्या दाखवायला यायची. औषधवाले रक्तदाब मोजायला यायचे आणि तिचा मोजून झाला की स्वतःचा मोजून घ्यायचे. सर पेपर घेऊन यायचे आणि अग्रलेखातल्या चुका वाचून दाखवायचे. मी हरित सदस्य होते, पण चहाच जास्त करत होते.

चार महिन्यांनी साहेब आले. तेवीस झाडं मोजली, टेप लावली. फाटकाजवळच्या झाडाशी ते पुन्हा थांबले आणि या वेळी त्याला नुसतं थोपटलं. सही झाली. मीटर यायला आणखी एक महिना गेला, कारण मीटरवाल्यांचाही फॉर्म बदलला होता.

लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी सगळ्यांच्या मते पहिला मान आईचा होता. आरशावरचं प्लास्टिक मी सोलून काढलं. आईने आरशात बघून केस सारखे केले. खाली सगळे जमले आहेत, थेट खाली जाऊ, असं मी म्हणते तोवर तिने तीनचं बटण दाबलं होतं. तिसऱ्या मजल्यावर उतरून ती सरांच्या आरामखुर्चीत बसली, पेपर ऐकला. मग दोन. रक्तदाब मोजून झाला. मग एक. शिवणवालीच्या स्टुलावर बसून तिने नव्या फ्रॉकचा गळा बघितला आणि गळा चुकला म्हणाली. लिफ्टने चार मजले उतरायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. खाली वाट बघणारे लोक कंटाळून जिन्याने आपापल्या घरी गेले होते.

खाली आई झाडांपाशी जाऊन आली. प्रत्येकाच्या बुंध्याशी वाकून बघितलं, एकाही झाडाला सुतळी नव्हती. मग म्हणाली, चल, दमले, वर जाऊ. लिफ्टमध्ये शिरून मी चारचं बटण दाबायला हात पुढे केला.

आईने माझा हात अलगद बाजूला केला आणि एकचं दाबलं.